अस्सल कान

जव्हारात आता रेडिओ दुरुस्त करणारा माणूस कोणाला लागतो? हॉटेलवाल्यांना लागतो. दाभोशाच्या वाटेवर धबधबा बघायला येणाऱ्यांसाठी राहायची-जेवायची ठिकाणं झाली आहेत. तिथे आत शिरलं की कंदील असतो, जातं असतं, बैलगाडीचं चाक असतं आणि एक जुना लाकडी रेडिओ असतोच. तो रेडिओ घेऊन मालक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "काका, वाजला नाही तरी चालेल, दिसायला झकास पाहिजे." अरे, वाजायचा नसेल तर माझ्याकडे कशाला आणलात, सुताराकडे न्या की! पण हे मी तोंडाने बोलत नाही. भांडायचं म्हटलं तरी अंगात दम लागतो, आणि माझ्या अंगात तो आता फारसा नाही.

मला या कामाचा कंटाळा आला आहे, हे सरळच सांगून टाकतो. दुकानाचा पुढचा भाग मोबाईलवाल्याला दिला आहे. मी मागच्या खिडकीशी बसतो. सकाळी बोटं आखडलेली असतात, बारीक स्क्रू डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्या आवाजापायी सगळी हयात घालवली तो आवाज कोणालाच नको आहे. जव्हार-मोखाडा दोन्ही तालुक्यांत मिळून रेडिओ ऐकण्यासाठी घरात ठेवणारा एकच माणूस माझ्या माहितीत उरला होता. सूर्यमाळचे बाबा. त्यांचा रेडिओ चालू राहावा, एवढी एकच इच्छा मला या धंद्यात राहिली होती. बाकी सगळे रेडिओ गेले खड्ड्यात.

बाबा जंगलातल्या एका बंगल्यावर राखणदार होते. तिथला साहेब बदलून गेला तेव्हा मोठा लाकडी रेडिओ मागेच ठेवून गेला. उचलायचा कंटाळा केला असणार, कारण ते धूड एकट्याच्याने हलत नाही. काचेच्या व्हॉल्व्हचा जुना संच. लावल्यावर आधी तापायला वेळ घेतो, घरघरतो आणि मग कुठे बोलायला लागतो. बाबा संध्याकाळी मुंबई केंद्र लावून बसायचे. बातम्या, भाताचे भाव, एखादं गाणं, जे येईल ते. मी एकदा विचारलं, "बाबा, शास्त्रीय गाणं कळतं का तुम्हाला?" तर म्हणाले, "कळाया कशाला पाहिजे? घरात कोन तरी बोलतंय ना." त्यांची म्हातारी गेल्यानंतरची ही गोष्ट.

मागच्या खेपेला मी तो रेडिओ वर जाऊन दुरुस्त करून आलो होतो. आतलं काम झालं, पण पुढचा डावा कान बघून माझा जीव खालीवर झाला. उजवा कान मूळचा, लाकडी. आणि डाव्या बाजूला कुठल्या तरी टेपरेकॉर्डरचं काळं प्लास्टिक ठोकून बसवलेलं. मी म्हणालो, "बाबा, याची जोडी मिळाली की मी आणून बसवतो." ते हसले, "घाई नाय मिस्तरी. आवाज काय त्या कानातून थोडाच येतो!"

कान हा शब्द नव्या माणसाला जरा समजावून द्यायला हवा. रेडिओचं गोल फिरवायचं जे असतं त्याला शहरात नॉब म्हणतात, कोणी बटण म्हणतं, कोणी चावी. आमच्या डोंगरात त्याला कान म्हणतात. पिळायचा असतो म्हणून कान, दुसरं काय! "जरा कान पिळ, आवाज बारीक कर," असं घराघरात बोलायचे. माझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरताशिरता "मिस्तरी, कान तुटला" म्हणून ओरडायचं आणि कोणी परगावचा बसलेला असला तर तो दचकून त्याच्या डोक्याकडे बघायचा. मोडीत गेलेल्या रेडिओंचे कान मी काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. बायको म्हणते, "डबाभर कान आहेत तुमच्याकडे, पण माझं ऐकायला त्यातला एकही उपयोगी पडत नाही."

तर यंदा होळी झाल्यावर सूर्यमाळ-मोखाडा-जव्हार अशी जीप चालवणारा माझ्या खिडकीशी आला. हा गडी बरीच वर्षं ठाण्याला गाडी चालवून परत आलेला, त्यामुळे बोलण्यात हिंदी घुसलेली.

"मिस्तरी, बाबाचा निरोप हाय. कान गया."

"दुसरापण?" मी विचारलं.

"दुसरापण. पयला तर कधीच गेला होता ना. आता पूरा बंद. काय म्हंजे काय ऐकाय येत नाय."

 उजव्या कानानेच रेडिओ चालू-बंद होतो, आवाजही त्यानेच लहानमोठा होतो. तो गेला म्हणजे म्हातारा घरात मुकाट बसलेला असणार.

"मोखाड्याला दाखवला," जीपवाला पुढे म्हणाला. "ते बोलले, प्लास्टिकचा मिळतो, तो लावून घ्या. बाबा बोलतो, मिस्तरीला इचार, त्याला त्यातलं समजतं."

झालं! माझं डोकंच फिरलं. मोखाड्यात रेडिओचे कान बसवणारा हा कोण उपटसुंभ निघाला, असं वाटलं. मी तावातावाने म्हणालो, "प्लास्टिकचा अजिबात लावू नका म्हणावं! चार दिवसांत चिरतो आणि नुसता गोल फिरत राहतो. अस्सल कान मी आणून बसवतो. अगदी पहिल्यासारखे. जरा दम धरा म्हणावं."

"अस्सल? मिळतात अजून?"

"मिळत नाहीत. शोधावे लागतात. सांग जाऊन."

तो मान डोलावत गेला. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? किती तरी दिवसांनी मला कोणी ऐकायच्या रेडिओचं काम सांगितलं होतं.

डबा उपडा केला. बाबांच्या रेडिओची जोडी त्यात नव्हती. लाकडी कान पुष्कळ निघाले, पण लाकडी असला म्हणजे मूळचा असतो असं नाही. मध्यंतरी लोकांनी तुटलेल्या कानांच्या जागी कुड्याच्या लाकडाचे कान करून घेतले होते. कुडा हाताला हलका लागतो आणि पांढरा असतो, म्हणून वरून ब्रशने तपकिरी रेघा ओढायच्या. बघणारा फसतो. मी कान आधी तळहातावर तोलतो. मग उलटा करून भोकात बघतो. मूळच्या कानाला आत पितळेची बारीक नळी बसवलेली असते आणि बाजूने एक छोटा स्क्रू येऊन रेडिओच्या दांडीला धरतो. नकली कानाला नळी नसते, नुसतं भोक पाडलेलं असतं आणि डिंकाने चिकटवलेलं. आणि मूळच्या कानाची जी बाजू रेडिओच्या अंगाला टेकलेली असते, तिथे लाकडाचा पहिला रंग तसाच शाबूत राहतो, कारण त्या जागी ना ऊन पोचतं ना माणसाचं बोट.

जोडी मिळाली ती भलत्याच ठिकाणी. एका हॉटेलवाल्याने चमकवायला आणून टाकलेला एक रेडिओ माझ्या कोपऱ्यात धूळ खात पडला होता, बाबांच्या रेडिओचाच भाऊ. आतलं सगळं काढून कोणी तरी विकून खाल्लेलं. कानांना सोनेरी ऑइलपेंट फासलेला, म्हणून मी तोवर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सहज एक कान काढून हातात घेतला, तर वजन लागलं. उलटा केला. आत पितळ होतं आणि कडेला शिसवाचा काळसर तांबूस रंग. मी खिडकीशी एकटाच "अरे वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलो. मोबाईलवाला वळून बघायला लागला.

मालकाला फोन केला आणि सरळ सांगितलं की तुमच्या रेडिओचे कान मला हवे आहेत, बदल्यात नवे चकचकीत करून देतो. तो म्हणाला, "काका, नवे असले तर फारच छान!" शिसवाचे मूळचे कान देऊन त्याला कुड्याचे नवे हवे होते. मी लगेच कान काढायला घेतले.

रंग काढायचं काम किचकट. पॉलिशपेपर घासला की काम लवकर होतं, पण कानाच्या कडेला बोटाच्या पकडीसाठी ज्या बारीक खाचा असतात त्या बुजून जातात, आणि मग तो कान गुळगुळीत सुपारी होतो. म्हणून कापसाच्या बोळ्याने थिनर लावायचा, थांबायचं, पुसायचं, परत लावायचा. खाचांतला रंग बाभळीच्या काट्याने काढायचा. डोळे चुरचुरायचे. थोडं काम झालं की मी मान मागे टाकून बसायचो आणि मनात यायचं, कशाला करतोय आपण हे? मग आठवायचं की याच्यावर एक माणूस मुंबई लावणार आहे, आणि पुन्हा काटा हातात घ्यायचो.

एका कानाला चीर गेली होती. शिसवाचा भुसा सरसात कालवून तिच्यात भरला. आतलं पितळ चिंचेने घासलं, त्यावरून घरात वाजलं, कारण ती आमटीसाठी भिजवलेली चिंच होती. शेवटी लाखेचं पॉलिश. जुन्या धोतराच्या चिंधीत कापूस बांधून, एकावर एक पातळ हात. बायको बाजूला भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढा जीव कधी माझ्या कानातल्यांवर लावला नाहीत हो."

मधे जीपवाला येऊन गेला. "बाबा इचारतात, झाले का कान?"

"रंग उतरवलाय. आता पॉलिश चाललंय."

"पॉलिश?" त्याने डोकं खाजवलं.

"मग? पॉलिशशिवाय बसवायचे? बघणारे काय म्हणतील?"

 मिस्त्रीच्या कामात आपण काय बोलणार, असं त्याला वाटलं असणार. "बाबा रोज इचारतात," एवढंच म्हणाला आणि गेला. मला त्याचं फार बरं वाटलं. मी घरी जेवताना दोनदा बायकोला सांगितलं की बाबा रोज विचारतात.

कान तयार झाले तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. ते बसवायला मी स्वतःच निघालो. मोखाड्याला आठवडे बाजार होता, त्यामुळे जीपमध्ये पाय ठेवायला जागा नाही, मांडीवर कोणाचं तरी गाठोडं आणि तोंडावर धूळ. खिशात रुमालात बांधलेले कान मी सारखे चाचपून बघत होतो. वर सूर्यमाळला उतरलो तर रस्त्याच्या कडेला रिकामे ड्रम आणि हंडे रांगेने लावून बायका टँकरची वाट बघत होत्या. टँकर काही आलेला नव्हता.

बाबा ओट्यावर बसले होते. धुतलेला सदरा, टोपीखालचे ओले केस नीट विंचरलेले. म्हटलं, कुठे लग्नाला निघाले की काय! मी लांबूनच "राम राम बाबा" म्हणालो. ते नुसते माझ्याकडे बघून हसले. त्यांची सून दारातून आली, तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवलं आणि मग माझ्याकडे बोट केलं. म्हातारा उठून उभाच राहिला.

"आणले का?" सुनेने विचारलं.

"आणले ना! बघत राहशील असे झालेत."

तिने जरा आवाज खाली केला. "बसवताना दुखंल का?"

मी हसलो. "कोणाला, रेडिओला?"

ती हसली नाही. "बाबांना."

मला पहिल्यांदा कळलंच नाही.  मग ती सांगत गेली आणि मी ओट्याच्या कडेला टेकलो. बाबांचा एक कान फार वर्षांपासून अधू होता. यंदाच्या थंडीत ताप आला आणि दुसराही गेला. मोखाड्याला तपासणीचं शिबिर होतं, तिथे कानामागे लावायचं प्लास्टिकचं मशीन मिळत होतं, फुकट. पण बाबा म्हणाले, मशीनमधलं आपल्याला काय समजतं, जव्हारच्या मिस्तरीला विचारा हे बरं का वाईट. मिस्तरीने निरोप पाठवला, प्लास्टिकचं लावू नका, अस्सल कान आणून बसवतो. "मी खुणा करकरून त्यांना निरोप समजावला, मग बाबा परत शिबिराला गेले नाय," ती म्हणाली. "मी खुणेनं बोलले घेऊन ठेवू, तर नको बोलले. मिस्तरी कधी खोटं बोलत नाय बोलले."

"आणि रेडिओ?"

"रेडिओला काय झालंय? आत हाय."

मी दारातून आत पाहिलं. फळीवर रेडिओ होता, वर स्वच्छ फडकं. एका बाजूला काळं प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला मूळचा लाकडी कान, जसाच्या तसा.

"आज टँकर नाय," सून म्हणाली, "तरी हंडाभर पाणी अंगावर घेतलं त्यांनी. कान साफ पाहिजे ना बसवायला. कापसानं तेलपण घातलं."

कोणाची वाट बघायची तर आपण म्हणतो, डोळ्यांत तेल घालून बसलाय. हा माणूस तर खरोखर कानात तेल घालून माझी वाट बघत बसला होता. मला इतकी लाज वाटली की तिथून उठून डोंगर उतरून पळत सुटावं असं वाटलं. जीपवाल्याचा राग आला, मोखाड्याचा आला, कानाला कान म्हणणाऱ्या सगळ्या मुलखाचा आला, आणि शेवटी फिरून माझाच आला. एकदा विचारता आलं नसतं का, कोणाचे कान म्हणून? नाही. मिस्त्रीला सगळं माहीत असतं ना! मी सुनेला म्हणालो, "उद्याच मोखाड्याला जातो मी. मशीनचं बघतो. शिबिर परत कधी आहे, कुठे आहे, सगळं विचारतो." ती "बरं" म्हणाली. उद्याच्या वायद्यांना असं बरं म्हणायची तिला सवय होती.

पण बाबांना कसं सांगणार? ज्याला समजावून सांगायचं त्यालाच ऐकायला येत नव्हतं, आणि लिहून द्यावं तर वाचता येत नव्हतं. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली, मान जरा वाकवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. मला रडूच फुटलं. लपवायचंही सुचलं नाही. मी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि ते दोन कान तळहातावर धरून त्यांच्यासमोर हात केला.

बाबांनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. त्यांना कळलं. मला कळायला सुनेने सगळं सांगावं लागलं होतं, त्यांना कोणी काही न सांगता कळलं. त्यांचा चेहरा थोडा पडला, अगदी थोडा, आणि त्यांनी तो लगेच सावरला. एक कान उचलून उलटा केला, अंगठ्याने त्याच्या खाचांवरून हात फिरवला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्या आवाजात म्हणाले, "अस्सल हायेत!"

माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. मी कान बसवले. स्क्रू दोनदा खाली पडला, आणि दोन्ही वेळेला बाबांनीच शोधून दिला. जोडी बसली. मग ते पुढे झाले, उजवा कान धरला आणि पिळला. आत खट्ट झालं, पट्टीमागे पिवळा दिवा लागला. रेडिओ तापेपर्यंत ते त्याच्यासमोर मांडी घालून बसून राहिले, नेहमी बसत असतील तसे. भर दुपार. या वेळेला आमच्या डोंगरात मुंबई धड लागत नाही, आणि त्यांनी आवाजाचा कान पार शेवटापर्यंत पिळलेला. एकदम एवढी खरखर सुटली की सुनेने दारात दोन्ही हात कानांवर ठेवले. रेडिओत बोलणं नाही, गाणं नाही, नुसती खरखर, आणि बाबा त्याच्यासमोर बसून हळूहळू मान डोलावत होते.

मी आवाज बारीक करायला वाकलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे मिस्तरी," ते म्हणाले. "तू बस. दमलास. चांगला लागलाय."